विरजण द्यावे, पण अट घालून?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही शाळेच्या जुन्या संगणकातली प्रश्नपत्रिकांची फोल्डरे उघडत बसलो होतो. पंधरा-वीस वर्षांचे काम होते ते. विज्ञानाच्या घटक चाचण्या, प्रयोगांच्या कृती, सहलीचे अहवाल. फाइल उघडली की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची खिचडी दिसे. हा मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप केला होता तो एका विकत घेतलेल्या पॅकेजबरोबर आला होता. ती सीडी आता सापडत नाही, आणि सापडली तरी नव्या संगणकावर चालेल याची खात्री नाही. प्रश्नपत्रिका आमच्या, भाषा आमची, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही गत. बीड जिल्ह्यातल्या अनेक शाळांतल्या शिक्षकांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

या गोष्टीत दोन दोष एकमेकांत मिसळले आहेत. पहिला तांत्रिक. जुन्या फाँटमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाच्या दृष्टीने ‘क’ नसून कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असे, आणि प्रत्येक कंपनीची बैठकव्यवस्था वेगळी. युनिकोडने हा दोष दूर केला. दुसरा दोष परवान्याचा. तो फाँट दुसऱ्या शाळेला देण्याचा, उघडून पाहण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. युनिकोडने हा दोष आपोआप जात नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ते कोणत्या अटींवर दिले, यावर तो अवलंबून असतो.

मुक्त सॉफ्टवेअरची शिफारस शिक्षकांना आता बरीच वर्षे केली जाते. पण मुक्त म्हणजे कोणत्या अर्थाने, हे सहसा कोणी सांगत नाही. मुक्त परवान्यांची दोन घराणी आहेत आणि त्यांच्यात चांगलाच मतभेद आहे. आम्ही इथे मराठी शाळांशी संबंधित दोन सार्वजनिक कामे घेऊन त्यांनी निवडलेल्या परवान्यांचे परीक्षण करणार आहोत. एक काम म्हणजे यशोमुद्रा हा फाँट. दुसरे म्हणजे ‘दीक्षा’, जिचा क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात छापलेला आपण पाहिला आहे.

दोन घराणी

शेजारीण विरजण मागायला आली की आपण वाटीत चमचाभर घालून देतो. आपले दही त्याने कमी होत नाही. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. कितीही प्रती काढल्या तरी मूळ प्रत झिजत नाही. प्रश्न उरतो तो अटीचा. ‘ने, आणि तुला हवे ते कर’ असे म्हणणे हा मोकळा परवाना. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे परवाने या घराण्यातले. ‘ने, पण या विरजणाने लावलेले दही तू ज्याला देशील त्याला पुढे विरजण लावायची मुभाही दिली पाहिजे’ असे म्हणणे म्हणजे कॉपीलेफ्ट. जीपीएल हा या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध परवाना.

उपमा इथपर्यंतच न्यावी. दह्यापासून विरजण वेगळे काढून लपवता येत नाही, सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते जमते. प्रोग्रॅम माणसाने लिहिलेल्या रूपात असतो, त्याला सोर्स कोड म्हणतात. तो यंत्राला कळणाऱ्या रूपात बदलून विकला तर घेणाऱ्याला तो चालवता येतो, पण वाचता किंवा दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच जीपीएलची मुख्य अट अशी आहे, की बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याचा सोर्स कोड आणि तेच सर्व अधिकारही द्या. घरच्या घरी बदलून वापरलात तर काहीच देणे लागत नाही. अट लागू होते ती वाटप केल्यावर.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन्ही घराण्यांत विक्रीला बंदी नाही. जीपीएलचा प्रोग्रॅम हजार रुपयांना विका, चालेल. अधिकार मात्र अडवून ठेवता येणार नाहीत.

परवाने वाचताना

परवाने हे कायद्याचे कागद असले तरी लेखन म्हणून ते वाचण्यासारखे आहेत. एमआयटी परवाना दीड-दोनशे शब्दांत संपतो. आमचे नाव व ही सूचना प्रतीवर ठेवा, बाकी काहीही करा, आणि बिघाड झाला तर आम्हाला धरू नका, एवढाच त्याचा आशय. दहावीचा विद्यार्थी तो एका तासिकेत समजून घेईल. हा मोठाच गुण आहे.

जीपीएल याच्या उलट. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि त्या प्रकल्पासाठी जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली, दुसरी १९९१ मध्ये, तिसरी २००७ मध्ये. तिसऱ्या आवृत्तीत पाच हजारांहून अधिक शब्द आहेत आणि वकिलाखेरीज ते सगळे कोणी वाचत असेल असे वाटत नाही. पण तिची प्रस्तावना अवश्य वाचावी. वापरणाऱ्याचे अधिकार टिकवायचे तर ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाच देता येत नाही, हे तिथे सरळ शब्दांत मांडले आहे. एमआयटी परवाना काय करायचे ते सांगतो. जीपीएल का करायचे तेही सांगतो. शिक्षकाला दुसरी पद्धत जवळची वाटावी.

यशोमुद्रा ते शोभिका

आता पहिले काम. राज्य मराठी विकास संस्थेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे दोन युनिकोड फाँट तयार करवून घेतले. यशोमुद्रा एसआयएल या संस्थेच्या ओपन फाँट लायसन्सखाली, म्हणजे ओएफएलखाली खुला झाला. हा परवाना फाँटसाठी मुद्दाम लिहिलेला असून त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची आहे. तो कॉपीलेफ्ट घराण्यातला, पण स्वभावाने सौम्य. त्याच्या अटी पाचच. फाँट नुसताच विकू नका, इतर सॉफ्टवेअरबरोबर चालेल. कॉपीराइटची सूचना ठेवा. बदललेल्या फाँटला राखीव नाव देऊ नका. जाहिरातीसाठी मूळ कर्त्यांची नावे वापरू नका. आणि फाँट बदलून वाटलात तर याच परवान्याखाली वाटा.

पुढे आयआयटी मुंबईच्याच विज्ञान आणि वारसा विषयक उपक्रमाने यशोमुद्राची देवनागरी अक्षरे घेतली, त्यांना कोएलाकँथ नावाच्या दुसऱ्या एका ओएफएल फाँटमधली रोमन अक्षरे जोडली, अकराशेहून अधिक जोडाक्षरे आणि वैदिक स्वरचिन्हे यांची सोय केली, आणि शोभिका हा फाँट तयार झाला. संस्कृत, गणित, जुनी हस्तलिखिते यांवर काम करणाऱ्यांना तो उपयोगी आहे. शोभिकाही ओएफएलखालीच आहे. या दुसऱ्या पायरीसाठी कोणाची मनधरणी करावी लागेल अशी अट परवान्यात नव्हती. मराठीसाठी सार्वजनिक संस्थेने केलेले काम दुसऱ्या गटाने उचलले, वाढवले, आणि वाढीव कामही सर्वांसाठी खुले राहिले. कॉपीलेफ्टचा हेतू हाच असतो, आणि इथे तो फळाला आलेला दिसतो.

मग फाँटसाठी सरळ जीपीएलच का नको? याचे उत्तर लोहित या फाँटकुटुंबाच्या इतिहासात मिळते. रेड हॅट कंपनीने काढलेले हे भारतीय लिप्यांचे फाँट आधी जीपीएलखाली होते. फाँटच्या बाबतीत जीपीएल एक अडचण उभी करतो. पीडीएफ फाइल तयार करताना फाँट त्या फाइलच्या पोटात भरला जातो. मग त्या फाँटमध्ये छापलेली प्रश्नपत्रिका किंवा कादंबरीही जीपीएलच्या अटीत येते काय? तशी ती येऊ नये म्हणून वेगळा अपवाद लिहावा लागतो. ओएफएलमध्ये हे आधीच स्पष्ट केले आहे, की फाँट वापरून तयार केलेल्या कागदपत्रांना ही अट लागत नाही. २०११ मध्ये लोहित फाँट ओएफएलखाली आले. अट चांगली असली तरी ती कुठे थांबते हे परवान्याने सांगितले पाहिजे, हा यातला धडा.

यशोमुद्राच्या परवान्याबद्दल आमचे मत अनुकूल आहे. एक उणीव मात्र नोंदवतो. परवाना इंग्रजीत आहे. फाँट उतरवून घेणाऱ्या मराठी शिक्षकाला तो शेजारच्या शाळेला देता येतो, संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला देता येतो, त्यात बदलही करता येतो, हे एका पानाच्या मराठी टिपणात सांगितले असते तर त्याचा प्रसार सोपा झाला असता. अधिकार आहेत हे माहीतच नसेल तर ते असून नसल्यासारखे.

दीक्षा आणि तिच्या खालचा पाया

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘दीक्षा’ सुरू केली. ती सनबर्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर उभी आहे. एकस्टेप फाउंडेशनने तयार केलेले सनबर्ड एमआयटी परवान्याखाली, म्हणजे मोकळ्या परवान्याखाली दिलेले आहे.

ही निवड विचार न करता झाली असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. राज्ये अनेक, प्रत्येकाची कंत्राटदार कंपनी वेगळी, आणि कायदा विभागाला दीडशे शब्दांचा परवाना पाहून मान्यता देणे सोपे. पायाभूत सॉफ्टवेअर जितक्या लोकांनी उचलावे तितके चांगले, आणि अटी कमी तितके उचलणारे जास्त, असा हा युक्तिवाद.

पण या युक्तिवादाला दोन उत्तरे आहेत. पहिले मूडलचे. जगभरच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत वापरले जाणारे मूडल २००२ पासून उपलब्ध आहे आणि ते जीपीएलखाली आहे. अनेक शिक्षक ज्यावर ब्लॉग लिहितात ते वर्डप्रेसही जीपीएलचेच. कॉपीलेफ्टमुळे दोघांचाही प्रसार अडला नाही, उलट त्यांच्यावर व्यवसाय करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. दुसरे उत्तर पैशाचे. करदात्यांच्या पैशातून एखाद्या राज्याने सनबर्डमध्ये सुधारणा करवून घेतल्या, आणि कंत्राटदाराने त्या बंद ठेवल्या, तर परवाना त्याला हरकत घेत नाही. त्या सुधारणा दुसऱ्या राज्याला पुन्हा पैसे मोजून करून घ्याव्या लागतील. असे कुठे घडले असा आमचा आरोप नाही. परवान्यात त्याला आडकाठी नाही, एवढेच आम्ही दाखवतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की इथे नुसत्या जीपीएलने काम भागले नसते. दीक्षासारखी सेवा दूरच्या संगणकावर चालते. आपल्याला प्रोग्रॅमची प्रत मिळत नाही, फक्त त्याचे उत्तर मिळते. वाटपच नाही, म्हणून जीपीएलची अट लागत नाही. ही फट बुजवण्यासाठी ॲफेरो जीपीएल नावाचा परवाना आला. जाळ्यावरून सेवा देणाऱ्यानेही बदललेला सोर्स कोड वापरणाऱ्यांना द्यावा, असे तो म्हणतो. सार्वजनिक पैशातून वाढणाऱ्या सेवेसाठी हा परवाना अधिक योग्य ठरला असता, असे आमचे मत आहे. सनबर्ड ज्यांनी दिले त्यांच्या उदारपणाबद्दल आमची तक्रार नाही. सरकारांनी त्यात घातलेली भर परत येण्याची हमी मात्र कंत्राटाच्या कागदात शोधावी लागते. ती परवान्यातच असती तर बरे झाले असते.

एका शिक्षकाचा अनुभव

मोकळ्या परवान्याची दुसरी बाजू एका शिक्षकाच्याच अनुभवातून दिसते. ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठात शिकवणारे अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना संगणकाची कार्यप्रणाली कशी चालते हे दाखवण्यासाठी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिली. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी मिनिक्स वापरत असतानाच १९९१ मध्ये लिनक्स सुरू केली, आणि १९९२ मध्ये ती जीपीएलखाली आणली. मिनिक्स २००० मध्ये बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली आली.

२०१७ मध्ये जगाला कळले, की इंटेल कंपनीने आपल्या संगणक-चिपांच्या आतल्या एका छोट्या व्यवस्थापक संगणकात मिनिक्स बसवली आहे. कोट्यवधी यंत्रांत ती चालू होती. वापरणाऱ्याला ती दिसत नव्हती, आणि इंटेलने केलेले बदल कोणाला वाचता येत नव्हते. टॅनेनबॉम यांनी कंपनीला खुले पत्र लिहिले. त्यांनी पैसे मागितले नाहीत. परवान्याने तसे बंधन नव्हते हेही मान्य केले. एक शब्द कळवला असता तर बरे वाटले असते, असा त्यांचा सूर होता. मोकळ्या परवान्याचे समर्थन त्यांनी सोडले नाही.

हा उमदेपणा आम्हाला आवडतो. पण इथे नुकसान टॅनेनबॉम यांच्यापेक्षा त्या यंत्राच्या मालकाचे अधिक आहे. आपल्या टेबलावरच्या संगणकात काय चालले आहे हे त्याला तपासता येत नाही. मोकळा परवाना लेखकाच्या आणि पहिल्या घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार करतो. शेवटच्या वापरणाऱ्याचा विचार करण्याचे काम कॉपीलेफ्टने पत्करले आहे.

उलट बाजूचे उदाहरण २००३ चे. लिंक्सिस कंपनीच्या एका घरगुती राउटरमध्ये लिनक्स असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. जीपीएलनुसार सोर्स कोड मागितला गेला आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि अनेक कंपन्यांच्या राउटरांना तो लागू झाला. अर्थात तिथे मागणारे लोक होते. मागणारा कोणी नसेल तर जीपीएलही कपाटातल्या शासन निर्णयासारखा पडून राहतो.

केजच्या शिक्षकाने काय निवडावे?

आता प्रश्न आपल्या दारात आणू. समजा, केज किंवा धारूर तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मुले जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. कोण कोल्हापूरकडे, कोण सोलापूरला, कोण थेट बेळगावकडे. मूल कोणता धडा शिकून गेले, तिथल्या शाळेत किती दिवस बसले, परतल्यावर कुठून सुरुवात करायची, याची नोंद हा प्रोग्रॅम ठेवतो. शिक्षण हमी पत्रकावरची माहिती तो एका फाइलमध्ये भरतो आणि तिकडच्या शिक्षकाच्या फोनवर पाठवतो.

हा प्रोग्रॅम त्याने नुसताच व्हॉट्सॲपवर टाकला तर काय होईल? पुष्कळांना वाटते, की काही लिहिले नाही म्हणजे सर्वांना मुभा. कायदा उलट सांगतो. परवाना लिहिला नाही तर सर्व हक्क राखीवच असतात, आणि प्रामाणिक माणूस त्याला हात लावणार नाही. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असे लिहिले तरी अडचण येते. तालुक्याचा झेरॉक्सवाला पैसे घेऊन पत्रके छापून देतो. तो शैक्षणिक की व्यापारी? अशी बंदी असलेला परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येतही बसत नाही.

आमची शिफारस दुपदरी आहे. नोंदीच्या फाइलचा आराखडा आणि ती वाचणारा छोटा भाग मोकळ्या परवान्याखाली द्यावा. तिकडची शाळा, सेवाभावी संस्था, सरकारी पोर्टल, खाजगी कंपनी, सगळ्यांनी तोच आराखडा उचलला तरच मुलाची नोंद सगळीकडे वाचता येईल. याला कॉपीलेफ्टच्या जनकाचाच आधार आहे. ऑग व्होर्बिस या ध्वनिप्रकाराचा प्रसार व्हावा म्हणून त्याचे सॉफ्टवेअर २००१ मध्ये बीएसडीसारख्या परवान्याखाली आणले गेले तेव्हा स्टॉलमन यांनी त्याला संमती दर्शवली होती. बंद प्रकाराशी स्पर्धा करताना प्रसार महत्त्वाचा, असा त्यांचा विचार होता.

मुख्य प्रोग्रॅम मात्र जीपीएलखाली ठेवावा, आणि तो जाळ्यावरून चालणार असेल तर ॲफेरो जीपीएलखाली. एकट्या शिक्षकाजवळ पाठपुरावा करायला वेळ नाही. उद्या एखाद्या कंपनीने हाच प्रोग्रॅम सजवून, बंद करून, शाळांना वर्गणीवर दिला आणि दोन वर्षांनी गाशा गुंडाळला, तर मुलांच्या नोंदी आमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांसारख्या होतील. प्रश्नपत्रिका पुन्हा काढता येते. पाचवीतल्या मुलीची हुकलेली सहा महिन्यांची नोंद पुन्हा काढता येत नाही.

तीन सावधगिऱ्या सांगून थांबतो. मुलांची माहिती आणि प्रोग्रॅम या वेगळ्या गोष्टी आहेत. खुला करायचा तो प्रोग्रॅम, माहिती कधीच नाही. दुसरे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे स्वामित्व, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याकडे जाते अशी तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे, तेव्हा परवाना देण्याआधी वरिष्ठांची लेखी संमती घ्यावी. तिसरे, चार जणांनी भर घातल्यावर परवाना बदलायचा तर चौघांची संमती लागते. म्हणून निवड पहिल्याच दिवशी करावी.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या मुलांना एक कोडे रचायला सांगा. अर्ध्या वर्गाला ते ‘काहीही करा’ या अटीवर द्या, उरलेल्यांना ‘बदल केलात तर बदललेले कोडे उत्तराच्या रीतीसह सर्वांना द्या’ या अटीवर. आठवड्याने भिंतीवर कोणत्या गटाची किती कोडी आली, कोणती कोडी वर्गाबाहेर गेली, आणि कोणती कोणाच्या वहीतच राहिली, हे मोजा. निकाल काय येईल हे आम्ही आधी सांगत नाही. प्रत्येक शाळेत तो वेगळा येईल, आणि त्यावरची चर्चा या लेखापेक्षा मुलांना जास्त शिकवील.